अर्धा पाइंट आणि एकच प्याला

आपल्या समीक्षेची बहुतेक परिभाषा जिभेवरून आलेली आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही. रस, आस्वाद, रुची, चर्वणा, गोडी, रसिक यांपैकी एकही शब्द मूळचा वाङ्मयाचा नव्हे. हे सारे शब्द पाकशाळेतून आणि पानपात्रातून आले आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना विशद करताना भरताने दाखला घेतला तो प्रसन्न मनाने भोजन करणाऱ्याचा. अभिनवगुप्ताने पुढे पानकाचा दृष्टांत दिला. पानक म्हणजे आपले पन्हे. त्यात गूळ असतो, मिरी असते, आंबट असते; परंतु ओठांशी येते ती या साऱ्यांहून निराळी अशी एकच चव. रसनिष्पत्तीचे इतके नेमके वर्णन पुढे कोणत्या ग्रंथात झाले असेल तर ते आम्हांस ठाऊक नाही. असे असूनही, जिभेचे हे ऋण घेऊन झाल्यावर आपल्या साहित्यशास्त्राने जिभेकडे पाठच फिरवली. रस अलौकिक ठरला. पन्हे लौकिकच राहिले.

पाश्चात्त्य विचारातही थोडेफार असेच घडलेले दिसते. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर जो निबंध लिहिला, त्यात सर्व्हांटिसच्या कादंबरीतील एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या दोघा नातलगांना एका पिंपातील मदिरा चाखावयास दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, मात्र किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, मात्र लोखंडाची चव येते. लोक हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमला यातून असे दाखवावयाचे होते की, चव ही केवळ चाखणाऱ्याच्या मनाची लहर नसून वस्तूमध्येही तिला काही आधार असतो. कांटने १७९० साली हे दार पुन्हा लोटून घेतले. कॅनरी बेटांची मदिरा मधुर आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह. सुंदर ते सर्वांसाठी, मधुर ते ज्याचे त्यापुरते.

प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न या दोघांच्या मधल्या जागेतील आहे. जिभेच्या सुखाचे वर्णन वाङ्मयाच्या पदवीला पोहोचू शकते काय, आणि पोहोचत असेल तर कशाच्या बळावर? याच्या परीक्षेसाठी आम्ही एक अगदी साधे पेय निवडले आहे. इंग्लंडमधील लहान गावांच्या लहान ब्रुअऱ्यांत तयार होणारी एल. आणि त्यांतही एकाच गावाची, टॉमस हार्डीच्या डॉर्चेस्टरची. ज्या बडोद्यात हे लिहिले जात आहे, तेथे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा १९६० साली नव्या गुजरात राज्याकडे आला आणि तो आजतागायत टिकून आहे. तेव्हा येथील वाचकाच्या हाती पेला असण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. असेल ते पुस्तक. ही अडचण आहे असे कोणी मानू नये. शब्दांतून चव येते किंवा नाही हे पाहावयाचे असेल, तर ज्याने ती चव घेतलेली नाही त्याच्याइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा कोणता मिळणार?

*

प्रथम त्या पेयाविषयी थोडे. जव भिजवून त्यांना मोड आणावयाचे, ते मोड भट्टीत वाळवून भरडावयाचे, आणि ती भरड गरम पाण्यात मुरवत ठेवावयाची. धान्यातील पिठाची अशा वेळी साखर होते व एक गोड काढा हाती येतो. तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळावयाचा. या फुलांनी कडसरपणा येतो, सुगंध येतो, आणि पेय टिकतेही. नंतर तो निववून त्यात यीस्ट घालावयाचे. एलचे यीस्ट उबेत काम करते आणि फेसाबरोबर वर चढते. लागर जातीच्या बिअरचे यीस्ट थंडाव्यात, सावकाश काम करून तळाशी बसते. पूर्वी इंग्लंडात हॉप्सवाचून केलेली ती एल आणि हॉप्स घातलेली ती बिअर, असा भेद होता. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप्स आले, आणि पुढे हा भेद पुसट होत गेला. हार्डी स्वतः ज्या पेयाची थोरवी गातो त्यास तो ‘बिअर’ म्हणतो. आजच्या वर्गवारीत ती एलच होय.

यातील महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आहे. जुन्या रीतीची एल ब्रुअरीतून बाहेर पडते तेव्हा ती पुरी झालेली नसते. पिंपात तिच्यासमवेत जिवंत यीस्ट असते, आणि पबच्या तळघरात तिचे आंबणे चालूच राहते. तळघराची थंडाई अकरा ते तेरा अंशांच्या आसपास सांभाळावी लागते. गाळ खाली बसावा म्हणून माशाच्या फुग्यापासून केलेला एक पदार्थ घालतात. एकदा पिंपाला तोटी लावून पेय ओढू लागले की, आत हवा शिरते. आणि मग सुमारे तीन दिवसांत ते संपले नाही तर बिघडते. म्हणजे ही वस्तू ब्रुअरीत अर्धी घडते व उरलेली अर्धी पबमालकाच्या हातून घडते. तिला दूरचा प्रवास मानवत नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर तिला आयुष्यही नाही. ती स्थानिक असते ती कोणाच्या अभिमानामुळे नव्हे; तिचा देहधर्मच तसा आहे.

यावर कोणी म्हणेल की, एकोणिसाव्या शतकात लंडनहून आणि बर्टनहून हिंदुस्थानास एल येतच होती. तिच्यावरून एका प्रकाराला ‘इंडिया पेल एल’ असे नावच पडले. हे खरे. परंतु तो लांबचा सागरी प्रवास सोसावा म्हणून तिच्यात हॉप्स वाढवावे लागत. मुंबईला अथवा कलकत्त्याला पोहोचणारी एल ही इंग्लंडातील गावची एल नव्हती. ती प्रवासासाठी घडवलेली निराळीच वस्तू होती. प्रवासाने माणसे बदलतात, तशी पेयेही बदलतात.

*

आता हार्डी. त्याचा जन्म १८४० साली डॉर्चेस्टरजवळच्या एका वाडीत झाला आणि १९२८ साली त्याच गावी तो वारला. त्याच्या कादंबऱ्यांतील कॅस्टरब्रिज म्हणजे हेच डॉर्चेस्टर. १८८० साली प्रसिद्ध झालेली ‘द ट्रम्पेट-मेजर’ ही कादंबरी नेपोलियनच्या स्वारीच्या भयाने इंग्लंडचा दक्षिण किनारा धास्तावलेला असतानाची आहे. तीत लव्हडे नावाचा गिरणीवाला घरच्या समारंभासाठी कॅस्टरब्रिजच्या कडक बिअरचे एक पिंप आणवतो. एवढेच निमित्त. कथानकाच्या दृष्टीने एक वाक्य पुरले असते. हार्डी तेथे थांबतो आणि एक परिच्छेद लिहितो. इंग्रजी गद्यात या पेयाविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यांत या परिच्छेदाचा मान फार वरचा आहे, असे आमचे मत आहे.

त्याची रचना पाहण्याजोगी आहे. वर्णन डोळ्यापासून सुरू होते, कारण पेला प्रथम दिसतो. मग जिभेवरील भार येतो, परंतु त्या भाराला लगेच चपळाईचा विरोध केलेला आहे. तिखटपणाच्या पाठोपाठ त्याला मर्यादा येते. उपमा दोनच: एक ज्वालामुखीची, दुसरी शरदातल्या मावळतीची. एक स्फोटक आणि एक शांत. पहिलीत दुसरीचा मागमूसही नाही, तरी एकाच पेल्यात दोन्ही नांदतात. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे जे तीन नियम सांगितले, त्यांपैकी विरोध आणि समतोल यांचे इतके आटोपशीर उदाहरण चांगल्या कवितेतही क्वचित आढळेल. पेय डोक्यात चढते ही गोष्ट हार्डी लपवीत नाही. परंतु ती सांगतो सर्वांत शेवटी, जाता जाता, एखाद्या सद्गुणी मित्राची एकुलती एक खोड सांगावी तशी.

येथपर्यंत हे उत्तम वर्णन झाले. वाङ्मय ते होते यापुढे. हार्डी पेल्यावरून नजर उचलतो आणि गावाकडे पाहतो. सामान्य लोक या पेयाची पूजा करतात, मधल्या थरातील जमीनदारांना ते द्राक्षमदिरेहून प्रिय आहे, आणि परगण्यातील थोर घराणीही त्याचा अव्हेर करीत नाहीत. तीन थर, आणि प्रत्येक थराला निराळे क्रियापद! एका वाक्यात इंग्लंडची समाजरचना डोळ्यांपुढे उभी राहते. त्यानंतर येतो न्यायालयाचा विनोद. या गावच्या रस्त्यात कोणी झिंगून दंगा करताना सापडला आणि आपण परके आहोत, येथील पेयाची आपल्याला माहिती नव्हती, एवढे त्याने सिद्ध केले की, न्यायाधीश त्यास सन्मानाने सोडून देत.

हा विनोद वरवरचा नाही. परक्याला माफी आहे, याचाच अर्थ गावकऱ्याला ती नाही. ज्याला आपल्या गावच्या पेयाची ताकद ठाऊक आहे, त्याने किती प्यावे हेही त्याला ठाऊक असलेच पाहिजे. स्थानिक असणे म्हणजे नुसता हक्क नव्हे. ती एक जबाबदारी आहे. हार्डीने विनोदाच्या ओघात सांगितलेले हे नीतिसूत्र पुढे त्याच्याच दुसऱ्या कादंबरीत शोकात्म रूप घेऊन उभे राहते.

*

‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही कादंबरी १८८६ सालची. तिचा प्रारंभ मद्याने होतो, हे सर्वांस आठवेल. परंतु कोणत्या मद्याने, हे सहसा कोणी आठवत नाही. जत्रेतील एका राहुटीत गव्हाची खीर विकणारी बाई गिऱ्हाइकाने खूण केली की, खिरीत गुपचूप रम ओतते. हेंचर्ड ही खीर वाडग्यामागून वाडगे पितो आणि नशेच्या भरात आपली बायको व मूल एका खलाशाला विकून टाकतो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो चर्चमध्ये शपथ घेतो की, आपल्या आयुष्याची जितकी वर्षे झाली तितकी वर्षे, म्हणजे एकवीस वर्षे, आपण मद्याला शिवणार नाही. येथे विनाश करणारे पेय गावच्या ब्रुअरीतले नाही, तळघरातले नाही, उघड्यावरचे नाही. ते चोरटे आहे. पौष्टिक खिरीच्या आड दडलेले आहे. त्याला चव नाही, केवळ परिणाम आहे.

याच्यासमोर तेहतिसावे प्रकरण ठेवून पाहावे. रविवारी दुपारी प्रार्थना आटोपल्यावर कॅस्टरब्रिजमधील कारागीर चर्चमधून निघतात आणि समोरच्या थ्री मरिनर्स नावाच्या पबमध्ये जाऊन बसतात. चाळीसएक माणसे. सर्वांचे पेले एकसारखे. दंडक असा की, प्रत्येकाने अर्धा पाइंट, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २८४ मिलिलिटर, एवढेच घ्यावयाचे. त्याहून थेंबभरही अधिक नाही. अर्धा तास प्रवचनावर चर्चा करावयाची आणि उठून घरी जावयाचे. पेले एकसारखे असल्यामुळे कोणी किती घेतले हे सर्वांना दिसते. हा नियम कोठे लिहिलेला नाही; कोणी शिपाई तो पाळावयास लावीत नाही. शेजाऱ्याची नजर हेच त्याचे शासन.

आणि नेमक्या याच खोलीत, याच रविवारी, हेंचर्ड बसलेला आहे. त्याच्या शपथेची एकवीस वर्षे संपली आहेत. चाळीस जण अर्धा पाइंट घेऊन उठतात. तो उठत नाही. त्याच्या पेल्याला माप उरलेले नाही. मग तो चर्चच्या वादकांना धाकदपटशा दाखवून शापवाणीचे एकशे नववे स्तोत्र म्हणावयास लावतो, आणि ते रोखलेले असते त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर, फारफ्रेवर. एकच पब, एकच पेय, एकच दुपार. आणि त्यात मनुष्याच्या दोन शक्यता हार्डीने शेजारीशेजारी बसवल्या आहेत.

मराठी वाचकाला या ठिकाणी गडकऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आले ते १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, आणि तेही याच बडोद्यात. गंधर्व नाटक मंडळीने तो प्रयोग केला. मद्याविषयीच्या मराठी जाणिवेवर या नाटकाची छाया गेली शंभरांहून अधिक वर्षे पडलेली आहे. नाटकाचे सारे प्रमेय शीर्षकातच आहे: पहिला प्याला ‘एकच’ म्हणून घेतला जातो, आणि तो कधीही एकच राहत नाही. सुधाकराचा अपमान होतो, त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते, आणि त्या दुःखाचा विसर पडावा म्हणून तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. तेथून सिंधूच्या विध्वंसापर्यंतची वाट सरळ उताराची आहे. तिची सत्यता नाकारण्याचे धाडस कोणी करू नये. ज्या घरांनी हा उतार प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यांना रुचीच्या गप्पा सांगणे हा निर्दयपणा होईल. आणि दारूबंदीच्या पाठीशी जे नैतिक बळ आहे ते अशाच घरांतल्या स्त्रियांच्या अनुभवातून आलेले आहे.

तरीही समीक्षकाने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. गडकऱ्यांच्या प्याल्याला परिणाम आहे, चव नाही. त्यातील पेय कोणत्या गावचे, कशाचे, कोणी केलेले, याचे नाटकाला प्रयोजनच नाही. आर्यमदिरामंडळाची बैठक भरते, पण ती कोणत्याही गावच्या चालीरीतीत रुजलेली नाही. ती सभासंमेलनांचे विडंबन आहे. विडंबन अप्रतिम आहे, याविषयी दुमत नाही. पण त्यातील माणसांना एकमेकांच्या नजरेचा धाक नाही, कारण तेथे प्रत्येकजण दुसऱ्याच्या स्खलनाचा जामीन आहे. सुधाकर म्हणजे राहुटीतला हेंचर्ड. त्याच्या समोर बसावयास ते चाळीस कारागीर मात्र नाटकात कोठेच नाहीत.

म्हणून ‘हार्डी बरोबर की गडकरी बरोबर’ हा प्रश्न गैरलागू आहे. हार्डी गडकऱ्यांचे खंडन करीत नाही. हेंचर्ड तर त्याच्याच खोलीत बसलेला आहे. हार्डीपाशी अधिक आहे ते एवढेच की, एकच पेला खरोखर एकच राहिला अशी एक दुपार त्याने पाहिली आहे आणि ती का राहिली हे त्याने दाखवले आहे. त्या अर्ध्या पाइंटातील आनंद हा मापातला आनंद आहे. मापाने तेथे आनंद घटत नाही. मापामुळेच तो आनंद राहतो, गरज बनत नाही. चवीकडे लक्ष जावयाचे असेल तर पेला लहान असावा लागतो. अधिक पिणाऱ्याला चव समजेनाशी होते, हे ब्रुअरीतले लोकही सांगतील.

*

हार्डीच्या त्या परिच्छेदातील आणखी एक गोष्ट मुद्दाम शेवटी राखून ठेवली होती. आपण वर्णन करीत आहोत ते पेय आता जवळजवळ नामशेष झाले आहे, असे तो सुरुवातीसच सांगून टाकतो, आणि फॉल्स्टाफच्या आवडत्या मदिरेशी त्याची सांगड घालतो. म्हणजे १८८० सालच्या वाचकाच्या हातीही तो पेला नव्हता! ती स्तुती मुळात एक मृत्युलेख होता.

हे ध्यानात आल्यावर इंग्रजीतील अशा इतर लेखनाकडे पाहावे, आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात आपल्या आवडत्या पबवर एक छोटा निबंध लिहिला. तेथील जुने लाकूड, गप्पा मारता येतील अशी शांतता, चिनी मातीचे पेले, मागची बाग, एकेक गुण तो प्रेमाने सांगतो. आणि अखेरीस कबूल करतो की, असा पब अस्तित्वातच नाही. हार्डी जे गेले त्याविषयी लिहितो, ऑर्वेल जे अजून आले नाही त्याविषयी. समोर भरून ठेवलेल्या पेल्याविषयी दोघेही लिहीत नाहीत. या दृष्टीने पाहिले तर दारूबंदीच्या प्रांतातील वाचक आणि या दोन लेखकांचा वाचक यांत फारसे अंतर नाही. पुस्तकाबाहेर पेला कोणाच्याच हाती नाही.

परंतु येथेच सावध व्हावयास हवे. शब्दांत चव टिकली, मग वस्तू गेली तरी काय बिघडले, असा समाधानाचा सूर या विचारातून सहज निघू शकतो; आणि तो खोटा आहे. डॉर्चेस्टरचा पुढचा इतिहासच तसे सांगतो. त्या गावी १८३७ साली सुरू झालेली एल्ड्रिज पोप नावाची ब्रुअरी होती. हार्डीच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाली तेव्हा, १९६८ साली, तिने हार्डीच्या नावाची एक खास एल तयार केली. सुमारे बारा टक्के मद्यार्क असलेली, बाटलीवर साल घातलेली, पुष्कळ वर्षे ठेवून मग प्यावी अशी. लेबलावर ‘द ट्रम्पेट-मेजर’मधील तोच परिच्छेद छापलेला होता. वस्तू मेल्यानंतर उरलेल्या शब्दांनी अठ्ठ्याऐंशी वर्षांनी वस्तूला पुन्हा जन्म दिला, असे उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात विरळा. लेखकाचा पुतळा पुष्कळ गावे उभारतात. त्याचे एक वाक्य आंबवून बाटलीत भरणारे गाव हेच एक.

तोच काळ इंग्लंडमधील जुन्या रीतीच्या एलच्या संकटाचा होता. मोठमोठ्या कंपन्या लहान ब्रुअऱ्या विकत घेऊन बंद करीत होत्या. गाळलेली, तापवून निर्जीव केलेली, कर्बवायूच्या दाबाने पेल्यात सोडलेली बिअर सर्वत्र एकाच चवीने मिळू लागली होती. ती बिघडत नसे, कारण बिघडण्यासाठी जिवंत असावे लागते. या प्रकाराविरुद्ध १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडमध्ये सहलीस गेले असता एक संघटना काढली. ‘कॅम्रा’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि पिंपातल्या जिवंत एलला तिने पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे २००२ साली ब्रिटिश सरकारने लहान ब्रुअऱ्यांना करात सवलत दिली व शेकडो नव्या ब्रुअऱ्या निघाल्या. पण एल्ड्रिज पोपचे भाग्य निराळे होते. हार्डीच्या नावाची एल त्यांनी १९९९ नंतर केली नाही, आणि २००३ साली डॉर्चेस्टरची ती ब्रुअरीही थांबली. त्या जागी आज दुकाने, घरे आणि सिनेमागृह आहे. चौकाच्या नावात तेवढी ‘ब्रुअरी’ उरली आहे. एलचे नाव मात्र विकले गेले. प्रथम डेव्हन परगण्यातील एका छोट्या ब्रुअरीने काही वर्षे ती केली, पुढे ते नाव इटालियन मालकांकडे गेले. कृती तीच असेल, काळजीही तितकीच असेल. पण ज्या न्यायाधीशांनी परक्याला सोडून दिले, त्यांचे गाव त्या बाटलीत राहिले नाही.

शब्द वस्तूला एकदा परत आणू शकतात. तिला ठेवून घेणे शब्दांच्या हाती नाही. ते काम तळघर सांभाळणाऱ्याचे, आणि तीन दिवसांच्या आत पेला मागणाऱ्या शेजाऱ्याचे.

*

आता आजच्या चवीच्या समीक्षेविषयी. मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गायकाशी त्याचे केवळ नामसादृश्य) १९७७ साली जगातील बिअरवर एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्याने बिअरचे प्रकार लावले, प्रत्येकाला त्याच्या गावाशी आणि इतिहासाशी जोडले, आणि या पेयाविषयी गंभीरपणे बोलण्यास भाषा दिली. त्याचे हे ऋण मोठे आहे. त्याच्या अनुयायांनी मात्र बहुधा शब्दकोश उचलला आणि गावे टाकून दिली. संत्र्याची साल, कॅरमेल, भाजका पाव, ओले गवत, मध अशा याद्या आज सर्वत्र वाचावयास मिळतात आणि शेवटी गुण दिलेले असतात. ह्यूमच्या गोष्टीतील नातलगांनी चामडे आणि लोखंड ओळखले, ते खरेच पिंपात होते. या याद्यांतील संत्री कोठे आहेत, हे विचारण्याची सोय नाही. शिवाय यादी म्हणजे पन्हे नव्हे. गूळ, मिरी आणि आंबट वेगवेगळे मोजून दाखवणाऱ्याने पानकाचा रस सांगितला असे अभिनवगुप्त कधीच मान्य करणार नाही.

उलट बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. लहान ते सारे चांगले, गावचे ते सारे अस्सल, अशी एक भाबडी श्रद्धा या लेखनात शिरलेली आहे. लहान ब्रुअरीची एल आंबूस निघू शकते, गढूळ निघू शकते. पबमालक आळशी असला तर उत्तम एलही दुसऱ्या दिवशी मरते. लहानपणा हा गुण नव्हे, ती अट आहे. वस्तू लहान आणि जवळची असेल तर ती कोणी केली हे ठाऊक असते, आणि ती वाईट झाली तर त्याला तोंडावर सांगता येते. समीक्षेचा उगम येथे आहे. ज्याच्यापर्यंत आपला शब्द पोहोचू शकत नाही त्याच्या वस्तूची समीक्षा होत नाही. फार तर तिची खरेदी होते किंवा होत नाही.

हार्डीचा परिच्छेद या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. तो याद्या करीत नाही आणि भाबडाही होत नाही. पेय उत्तम आहे आणि ते डोक्यात चढते. गाव प्रेमळ आहे आणि त्यात हेंचर्डही राहतो. जिभेचे सुख वाङ्मय कशाच्या बळावर होते, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळते: स्थळाच्या आणि मापाच्या. स्थळ त्या सुखाला ‘मला’च्या कैदेतून सोडवते, कारण ते सुख आता एका गावाचे होते, आणि कांटचा आक्षेप तेवढ्यापुरता ढिला पडतो. माप त्याला आनंदाच्या पातळीवर ठेवते. स्थळ गेले की, उरते ते लेबल. माप गेले की, उरतो तो हेंचर्ड.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना या कथेतील पहिला धोका समजावून सांगण्याची गरज नाही. बडोद्याची मराठी, इंदूरची मराठी, तंजावरची मराठी यांची थोरवी गाणारे लेख आपण आवडीने छापतो, आणि त्यांतील पुष्कळ लेख हार्डीच्या परिच्छेदासारखेच मृत्युलेख असतात. ते लिहिले जावेत. त्यांतून एखादी वस्तू अठ्ठ्याऐंशी वर्षांनी परत येतेही. पण बोली ही बाटलीतली एल नव्हे. ती पिंपातली आहे. जवळच्या माणसाने रोज थोडी मागितली, रोज थोडी ओढली गेली, आणि बिघडली तर कोणी तोंडावर सांगितले, तरच ती जिवंत राहते. त्यासाठी फार लागत नाही. अर्धा पाइंट पुरतो. फक्त खोलीत चाळीस माणसे असावी लागतात.